मोटरच्या कंपनातून वीज: पिझो पट्टी १०० हर्ट्झला जुळवून सेन्सर चालवण्याची पूर्ण पद्धत

बाजारातून पिझो चकती (वाकवली की वीज देणाऱ्या सिरॅमिकची) आणायची, पंपाच्या अंगावर चिकटवायची, मल्टिमीटरवर दोन-तीन व्होल्ट दिसले की कपॅसिटर आणि एलईडी जोडायचा. एलईडी काही लागत नाही, मग मोठी चकती आणायची. बहुतेक प्रयोग इथेच थांबतात. सपाट चिकटवलेली २७ मिलिमीटरची बझरची चकती पंपाबरोबर सगळीच्या सगळी हलते, पण वाकत नाही. पिझो वाकल्याशिवाय उपयोगी वीज देत नाही. त्या चकतीचा स्वतःचा अनुनाद, म्हणजे ती सर्वांत जोरात हलते ती वारंवारता, चार हजार हर्ट्झच्या आसपास असतो आणि पंपाचं कंपन शंभराच्या आत-बाहेर. दोघांची गाठच पडत नाही.

खालची कृती एका ठरावीक कामासाठी आहे. १ एचपीचा सिंगल फेज मोनोब्लॉक पंप चालू असताना त्याच्या अंगाचं तापमान दर मिनिटाला रेडिओने पाठवायचं, बॅटरीशिवाय. पंप कोरडा चालला की अंग तापतं, ते वेळेत कळावं हा हेतू. मिळणारी पॉवर मायक्रोवॅटमध्ये मोजायची, हे आधीच मनाशी पक्कं करा. फोनच्या बॅटरीत साधारण १५ वॅट-तास ऊर्जा असते. ५० मायक्रोवॅटने ती भरायला ३४ वर्षं लागतील. असल्या कामासाठी हा मार्ग नाही.

क्रम असा: कंपन, मग हिशेब, मग पट्टी, मग जुळवणी, सर्किट सगळ्यात शेवटी. चुका होतात त्या बहुतेक हा क्रम उलटा केल्यामुळे.

टप्पा १: कंपन मोजा

पट्टी मागवण्यापूर्वी दोन आकडे हातात हवेत: कंपनाची वारंवारता आणि त्या वारंवारतेला असलेलं त्वरण.

एडीएक्सएल३४५ या त्वरणमापकाचं छोटं बोर्ड घ्या. नमुने घेण्याचा वेग सेकंदाला किमान ८०० ठेवा, पल्ला अधिक-उणे २ जी. बोर्ड पंपाच्या अंगावर घट्ट बसवा, फोमच्या दुहेरी टेपवर नको. किमान ४ सेकंदांची नोंद घेऊन तिचा वर्णपट (कोणत्या वारंवारतेला किती कंपन आहे त्याचा आलेख) काढा.

फोनवर विसंबू नका. बऱ्याच फोनमध्ये अ‍ॅपला त्वरणमापकाचे सेकंदाला २०० नमुनेच मिळतात, आणि १०० हर्ट्झचं कंपन नीट पकडायला तेवढे पुरत नाहीत. पडद्यावर भलत्याच वारंवारतेचा उंचवटा दिसतो आणि पट्टी त्यालाच जुळवली जाते.

वर्णपटात साधारण तीन उंचवटे मिळतील. दोन पोलची मोटर मिनिटाला २८८०च्या आसपास फिरते, म्हणून ४८ हर्ट्झला एक आणि त्याच्या दुपटीला, ९६ला, दुसरा. तिसरा नेमका १०० हर्ट्झला असतो. हा चुंबकीय कंपनाचा, पुरवठ्याच्या ५० हर्ट्झच्या बरोबर दुप्पट. पट्टी जुळवायची ती या तिसऱ्याला. ४८ आणि ९६ मोटरवरच्या भाराप्रमाणे सरकतात. टाकीतली पातळी बदलली, फूटव्हॉल्व्ह अर्धवट तुंबला की ते जागचे हलतात. १०० मात्र ग्रिडला बांधलेला आहे. आपल्या ग्रिडचा ठरलेला पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ आहे, म्हणजे दुप्पट वारंवारता बहुतेक वेळ ९९.८ ते १००.१ मध्ये राहते. शिवाय सिंगल फेज मोटरचा टॉर्कच सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो, त्यामुळे हे कंपन तिच्यात थ्री फेजपेक्षा ठळक असतं.

तपासणी: नोंद चालू ठेवून पंप बंद करा. १०० हर्ट्झचा उंचवटा वीज जाताक्षणी नाहीसा होतो. ४८ आणि ९६ मात्र मोटर मंदावेल तसे खाली घसरत जातात. जो घसरला तो आपला नव्हे.

मोजमाप तिन्ही दिशांनी घ्या. टॉर्कच्या हेलकाव्यामुळे मोटरचं अंग शाफ्टभोवती किंचित मागेपुढे वळतं, म्हणून सर्वांत जोराची दिशा बहुधा स्पर्शरेषेची असते. मोटरच्या माथ्यावर ती शाफ्टला आडवी येते, कुशीवर उभी. जागेजागी फरक पडतो, तेव्हा माथा, कूस, पाय आणि पंख्याचं पत्र्याचं झाकण अशा चार ठिकाणी मोजा. झाकण जोरात हलतं खरं, पण पातळ असल्याने त्यावर वजन ठेवलं की त्याचं हलणं बदलतं. ती जागा निवडलीत, तर अंतिम यंत्राएवढं वजन ठेवून पुन्हा मोजा.

आकडा वाचताना एकूण आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) घेऊ नका. त्यात पाण्याचा खडखडाट, बेअरिंगचा आवाज, सगळंच मिसळलेलं असतं. फक्त १०० हर्ट्झच्या उंचवट्याचा आरएमएस घ्या.

पंपाला व्हीएफडी (वेग बदलण्यासाठी पुरवठ्याची वारंवारता बदलणारं उपकरण) असेल तर ही पद्धत लागू नाही. पुरवठ्याचीच वारंवारता बदलते, मग १०० हर्ट्झ स्थिर राहत नाही.

टप्पा २: पुरेल का, ते कागदावर बघा

पुढे दिलेल्या पट्टीत हलणारं प्रभावी वस्तुमान १.९ ग्रॅम आहे आणि दमन (कंपन विरण्याचं प्रमाण) साधारण दीड टक्का धरलं आहे. जास्तीत जास्त किती पॉवर निघेल, हे त्वरणाच्या वर्गावर ठरतं:

- ०.६ मी/से² आरएमएस: साधारण १० मायक्रोवॅट
- १.५ मी/से²: साधारण ५५ मायक्रोवॅट
- २ मी/से²: साधारण १०० मायक्रोवॅट
- ३ मी/से²: साधारण २२५ मायक्रोवॅट

हे सिद्धांतातले आकडे. रेक्टिफायर आणि जुळणीतली तूट धरून हाती निम्मेच येतात असं समजा. रेग्युलेटर चिप स्वतःसाठी ४-५ मायक्रोवॅट घेते. म्हणजे ०.६ ला उरतं शून्य. १.५ मी/से² च्या खाली काही करू नका. जागा बदला किंवा त्या पंपाचा नाद सोडा. चांगली, नीट बसवलेली मोटर कमी हलते आणि तसंच असायला हवं. वीज मिळावी म्हणून पायाचे बोल्ट ढिले करणं म्हणजे बेअरिंगचा जीव घेणं.

आता खर्चाची बाजू, म्हणजे नोडची (सेन्सर, मायक्रोकंट्रोलर आणि रेडिओ मिळून). मोजणीला १ मिलिअँपिअर २० मिलिसेकंद, प्रक्षेपणाला ८ मिलिअँपिअर ५ मिलिसेकंद. मिळून ६० मायक्रोकुलोम, म्हणजे ३.३ व्होल्टला सुमारे ०.२ मिलिज्यूल. मिनिटातून एकदा केलं तर सरासरी ३.३ मायक्रोवॅट. झोपेतला प्रवाह २ मायक्रोअँपिअर असेल तर तो एकटाच सतत ६.६ मायक्रोवॅट खातो. संदेशाच्या दुप्पट खर्च झोपेचा! म्हणून ऊर्जा कमी पडली की लोक मिनिटाची पाच मिनिटं करतात आणि फरक जाणवत नाही. एकूण गरज दहावरून सव्वासातवर येते, बस. कापायचा असतो तो झोपेचा प्रवाह.

टप्पा ३: साहित्य

- सिरीज जोडणीची पिझो बायमॉर्फ पट्टी, ४५ × १० × ०.५ मिलिमीटर: मधे ०.१चा धातू, दोन्ही बाजूंना ०.२चं सिरॅमिक
- पितळी ठोकळा ६ × १० × ३ मिलिमीटर, वजन सुमारे १.५ ग्रॅम
- पकडीसाठी १.६ मिलिमीटर जाडीच्या, तांब्याचा थर नसलेल्या एफआर-४ शीटचे (सर्किट बोर्डाच्या फायबरग्लासचे) दोन तुकडे आणि अ‍ॅल्युमिनियमचे दोन ठोकळे, एम३चे दोन स्क्रू
- एलटीसी३५८८-१ या रेग्युलेटर चिपचं तयार बोर्ड
- २२० मायक्रोफॅराड, २५ व्होल्टचा कमी गळतीचा कपॅसिटर
- १० किलोओहमपासून ४७० किलोओहमपर्यंतचे रोध
- हळू घट्ट होणारं दोन भागांचं इपॉक्सी
- जुळवणीसाठी चार इंची स्पीकर आणि छोटा अ‍ॅम्प्लिफायर

बझरची चकती मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत कुठल्याही दुकानात मिळेल. बायमॉर्फ पट्टी मात्र बहुधा मागवावी लागते. एक मागवू नका, तीन मागवा. पहिली सोल्डर करताना नाही तर पकड आवळताना जाते.

वजनासाठी लोखंडी नट किंवा चुंबक वापरू नका. मोटरबाहेर पाझरणारं चुंबकीय क्षेत्र लोखंडाला १०० हर्ट्झनेच ओढतं, चुंबकाला ५० हर्ट्झने, आणि टेबलावरची जुळवणी पंपावर खोटी ठरते.

इशारा: पट्टी कापू नका, कानशीने घासू नका. या सिरॅमिकमध्ये शिसं असतं, त्याची धूळ नाकातोंडात जाता कामा नये.

टप्पा ४: वायर लावणे

पट्टी हातात आली की कपॅसिटन्स मोजून लिहून ठेवा. या मापाच्या सिरीज पट्टीला साधारण १८ नॅनोफॅराड येतात, सिरॅमिकच्या जातीप्रमाणे कमी-जास्त. पुढे प्रत्येक टप्प्यानंतर हाच आकडा पुन्हा बघायचा आहे. एकाएकी कमी झाला, तर सिरॅमिकला तडा गेला आहे, मग तो डोळ्यांना दिसो वा न दिसो.

सोल्डर पट्टीच्या मागच्या टोकाच्या ४ मिलिमीटरमध्येच, पकडीच्या मागे राहील अशा जागी. इलेक्ट्रोडवर खोडरबर हलकेच फिरवा, किंचित फ्लक्स लावा. सोल्डरिंग आयर्न ३०० ते ३२० अंशांवर, आणि टेकवायची एक, फार तर दोन सेकंद. सिरॅमिक एका मर्यादेपलीकडे तापलं की त्याचं ध्रुवीकरण उतरतं आणि तो भाग कायमचा मरतो. शक्य असेल तर थोडं चांदी असलेलं सोल्डर वापरा, इलेक्ट्रोडवरची चांदी साध्या सोल्डरमध्ये विरघळते. वायर ३० गेजची, मऊ. जाड वायर स्प्रिंगसारखी ओढत राहते.

सोल्डर करताना दोन्ही पृष्ठभाग एका क्लिपने शॉर्ट करून ठेवा. नुसत्या उष्णतेनेही पट्टीवर बरेच व्होल्ट जमतात.

टप्पा ५: पकड

या कामात सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्या दिसत नाहीत.

पट्टीची मांडणी मागून पुढे अशी: ४ मिलिमीटर सोल्डरसाठी, ८ मिलिमीटर पकडीत, ३३ मिलिमीटर मोकळी. सिरीज बायमॉर्फचे दोन बाहेरचे पृष्ठभाग हीच तिची दोन टोकं आहेत. धातूच्या ठोकळ्यांत ती थेट पकडली, की स्क्रूंमधून दोन्ही बाजू शॉर्ट होतात आणि मीटर शून्य दाखवतो. म्हणून पट्टीला दोन्हीकडून लागून एफआर-४चे तुकडे आणि त्यांच्या बाहेर अ‍ॅल्युमिनियम. एफआर-४ऐवजी रबर किंवा पुठ्ठा लावायचा मोह होतो. तो टाळा. मऊ पकडीत पट्टीची ऊर्जा मुळातच विरते आणि अनुनाद बोथट होतो.

दोन्ही तुकड्यांच्या पुढच्या कडा अगदी एका रेषेत हव्यात. वरची कड अर्धा मिलिमीटर पुढे असेल तर पट्टी वर वाकताना तिची लांबी वेगळी आणि खाली वाकताना वेगळी. दोन्ही तुकडे एकत्र धरून पुढची कड एकदाच सपाट घासा, मगच पट्टी आत घाला. कडेवर बर (घासताना उरलेली बारीक धार) राहिली तर तिथूनच तडा सुरू होतो.

स्क्रू आळीपाळीने, पाव-पाव वळणाने आवळा. पट्टी तिरपी बसली तर ती वाकण्याऐवजी पिळवटते.

तपासणी: कपॅसिटन्स पुन्हा मोजा, पाच टक्क्यांहून जास्त घट चालणार नाही. दोन्ही टोकांपासून ठोकळ्यापर्यंत मल्टिमीटरच्या सर्वांत वरच्या पल्ल्यावर रोध बघा, २० मेगओहमच्या वर असावा.

आता पट्टीच्या टोकाला नखाने हलकी टिचकी मारा. ऑसिलोस्कोपवर घटत जाणारी लाट दिसेल. तिची उंची ३७ टक्क्यांवर येईपर्यंत आवर्तनं मोजा. दहाच्या आसपास आली तर पकड चांगली. चार-पाचातच विरली तर पकड ढिली किंवा मऊ आहे, पुढे जाऊ नका. वजन न लावलेली ही पट्टी २०० हर्ट्झच्या वर वाजेल. ते योग्यच आहे.

टप्पा ६: वजन आणि जुळवणी

पितळी ठोकळा पट्टीच्या पुढच्या टोकाला लावल्यावर त्याचा मध्य पकडीच्या कडेपासून ३० मिलिमीटरवर येतो. लांबी मोजायची ती इथपर्यंत, पट्टीच्या टोकापर्यंत नाही. या मापाला पट्टीचा ताठरपणा मीटरला साधारण ७५० न्यूटन येतो. १०० हर्ट्झसाठी प्रभावी वस्तुमान १.९ ग्रॅम लागतं. पट्टी स्वतः त्यातलं पाव ग्रॅमच्या थोडं वर देते, उरलेलं १.६ ग्रॅम टोकाला हवं. ठोकळा दीड ग्रॅमचाच ठेवला आहे, कारण शेवटचा दशांश इपॉक्सीने आणि सोल्डरच्या बारीक तुकड्यांनी भरायचा असतो. वजन चढवणं सोपं, उतरवणं कठीण.

पट्टी किती हट्टी आहे, हे आकड्यांतच बघा. मोकळ्या लांबीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक म्हणजे अडीच हर्ट्झ. वजनात ०.१ ग्रॅमचा फरक म्हणजे तेही सुमारे अडीच हर्ट्झ. आणि जुळणी नुसती दीड हर्ट्झने चुकली तरी पॉवर निम्म्यावर येते. म्हणून ‘साधारण जुळली’ असं इथे काही नसतं.

ठोकळा आधी मेणाने किंवा सुपरग्लूच्या एका थेंबाने तात्पुरता बसवा. स्पीकरच्या कोनवर हलकी सपाट चकती चिकटवा, तिच्यावर पकडीसकट पट्टी आणि शेजारी त्वरणमापक. फोनवरच्या टोन जनरेटरने ९० ते ११० हर्ट्झ, एकेक हर्ट्झ करत जा. प्रत्येक पायरीला आवाज असा ठेवा की त्वरण तेवढंच राहील. हे केलं नाही तर आलेख पट्टीचा नसतो, स्पीकरचा असतो.

पट्टीवर १०० किलोओहमचा रोध लावूनच जुळवा. मोकळ्या टोकांवर पिझो थोडा अधिक ताठर वागतो, भार लागला की अनुनाद काही टक्के खाली येतो. मोकळी असताना १०० ला आणलेली पट्टी सर्किट लागताच ९७-९८ ला जाऊन बसते. ही चूक इतकी वरचेवर होते की रोध लावल्याशिवाय स्पीकर चालूच करू नका.

उंचवटा १०० च्या वर असेल तर ठोकळ्यावर सोल्डरचे बारीक तुकडे चढवा, खाली असेल तर ठोकळा कानशीने घासा (काढून, पट्टीवर असताना नव्हे). १०१ ते १०२ हर्ट्झला थांबा. मोटरचं अंग ६० अंशांपर्यंत गेलं की पट्टी आणि इपॉक्सी दोन्ही थोडी मऊ होतात आणि वारंवारता उतरते. ही उतरण्याची जागा आधीच सोडायची.

मग ठोकळा इपॉक्सीने कायमचा बसवा. सुपरग्लू उष्णतेत आणि धक्क्यात सुटतो. चोवीस तास हात लावू नका आणि नंतर पुन्हा एकदा ९० ते ११० फिरवा. इपॉक्सीचंही वजन असतं.

शेवटी ठोकळ्याच्या वर आणि खाली अर्ध्या मिलिमीटरवर अडसर लावा. चालू असताना टोक एकदोन दशांश मिलिमीटरच हलतं, त्यामुळे अडसर कधी लागत नाही. पण यंत्र हातातून पडलं तर तोच पट्टी वाचवतो. कंपनाने मोडलेल्या पट्ट्यांपेक्षा हाताळताना मोडलेल्या जास्त असतात.

टप्पा ७: खरी पॉवर मोजा

मोकळ्या टोकांचा व्होल्ट बघून काही कळत नाही. स्पीकरचं त्वरण पंपावर मोजलेल्या आकड्याएवढं करा आणि १०, ३३, ४७, १००, २२०, ४७० किलोओहम असे रोध एकामागून एक लावून आरएमएस व्होल्ट नोंदवा. व्होल्टचा वर्ग भागिले रोध म्हणजे पॉवर. १८ नॅनोफॅराडच्या पट्टीचा १०० हर्ट्झला स्वतःचा अडथळा ८८ किलोओहम येतो, म्हणून जास्तीत जास्त पॉवर १०० किलोओहमच्या आसपास दिसायला हवी. ती १० किलोओहमकडे सरकली असेल तर पट्टी सिरीज नसून समांतर जोडलेली आहे का ते तपासा. समांतर असेल तर कपॅसिटन्सही चौपट आलेला असेल.

२ मी/से² ला १०० किलोओहमवर तीन व्होल्टच्या जवळपास आरएमएस मिळाला तर काम उत्तम झालं. दोन व्होल्ट म्हणजे ४० मायक्रोवॅट, निभेल. एक व्होल्ट मिळत असेल तर पाचव्या टप्प्यावर परत जा.

टप्पा ८: सर्किट

एलटीसी३५८८-१ मध्ये ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) आणि बक कन्व्हर्टर (व्होल्ट उतरवणारा) दोन्ही आहेत. पट्टीच्या दोन वायर पीझेड१ आणि पीझेड२ ला, कुठलीही कुठेही. आउटपुट ३.३ व्होल्ट हवं तर डी१ व्हीआयएन२ ला आणि डी० ग्राउंडला. १.८ साठी दोन्ही ग्राउंडला.

चिप कशी वागते ते समजून घ्या. ३.३ व्होल्टच्या मांडणीत इनपुट कपॅसिटर सुमारे ५ व्होल्टला पोहोचेपर्यंत ती आउटपुट देतच नाही, आणि तो ३.७च्या आसपास उतरला की परत बंद होते. वापरायला मिळते ती या दोन पातळ्यांमधली ऊर्जा. १०० मायक्रोफॅराडला ती ०.६ मिलिज्यूल, २२० ला १.३. यातूनच आधी आउटपुटचा ४७ मायक्रोफॅराडचा कपॅसिटर शून्यापासून भरावा लागतो, त्यात कन्व्हर्टरची तूट धरून ०.३ मिलिज्यूलवर जातात. मग मायक्रोकंट्रोलर उठायला काही. १०० मायक्रोफॅराड लावलेलं यंत्र नेमकं इथे अडकतं: उठतं, अर्ध्यात मरतं, पुन्हा भरतं, पुन्हा उठतं. प्रोग्राममध्ये चूक शोधण्यात दिवस जातात, चूक कपॅसिटरची असते.

उलट, हजार मायक्रोफॅराड लावणंही बरं नाही. पंप दिवसातून अर्धा तास चालतो. दर वेळी कपॅसिटर शून्यावरून भरावा लागतो. २२० ला दीड ते तीन मिनिटं पुरतात, हजारला त्याच्या साडेचार पट वेळ जाईल.

कपॅसिटर २५ व्होल्टचाच हवा, कारण भार नसताना इनपुट २० व्होल्टपर्यंत चढतं आणि तिथे चिपमधला संरक्षक त्याला थोपवतो. गळती मोजल्याशिवाय लावू नका. साध्या इलेक्ट्रोलायटिकला उत्पादक ५० मायक्रोअँपिअरच्या वर गळती मान्य करतात, आणि आपल्याकडे मिळतातच दहाएक. कपॅसिटर १०० किलोओहमच्या रोधातून ५ व्होल्टला चोवीस तास जोडून ठेवा, मग रोधावरचा व्होल्ट बघा. १०० मिलिव्होल्ट म्हणजे १ मायक्रोअँपिअर. त्याहून जास्त असेल तर दुसरा घ्या.

पीगुड पिन मोकळी सोडू नका. आउटपुट ठरलेल्या व्होल्टच्या ९२ टक्क्यांवर गेलं की ती वर जाते. तिने एक लोड स्विच चालवा आणि नोड त्याच्या पलीकडे ठेवा. नोड थेट आउटपुटला जोडला, तर व्होल्ट हळूहळू चढत असताना मायक्रोकंट्रोलर अर्धवट जागा होऊन मिलिअँपिअर ओढत बसतो.

पट्टीचा मोकळा व्होल्ट ८ ते १० शिखरापर्यंत जात नसेल तर आउटपुट १.८ वर घ्या. तेव्हा चिप ४ व्होल्टलाच सुरू होते. आजचे बरेच कमी पॉवरचे रेडिओ १.८ वर चालतात, तुमच्या चिपची खालची मर्यादा मात्र बघून घ्या.

नोडच्या प्रोग्राममधून सुरुवातीची एलईडीची उघडझाप काढा. ५ मिलिअँपिअर १०० मिलिसेकंद म्हणजे दीड मिलिज्यूलच्या वर, अख्खा कपॅसिटर एका लुकलुकीत संपतो. सिरियल पोर्टवर मजकूर छापणंही बंद.

टप्पा ९: पंपावर बसवणे

मेन स्विच बंद करा, कोणी चालू करणार नाही याची खात्री करा. टर्मिनल बॉक्स उघडू नका, मोटरच्या अंगाला छिद्र पाडू नका.

बिडाच्या अंगावर रंग खरवडून चुंबकी बैठक चालते, पण ती पट्टीपासून जमेल तेवढी दूर. साध्या निओडिमियम चुंबकाची मर्यादा ८० अंश असते, फार तापणाऱ्या मोटरवर तो वापरू नका. अ‍ॅल्युमिनियमच्या अंगावर ३ मिलिमीटरची पट्टी इपॉक्सीने चिकटवून तिच्यावर स्क्रूने बसवा. फोम टेप, केबल टाय, एमसील हे पर्याय नाहीत. तिन्हींत कंपन वाटेतच जिरतं.

दिशा: पट्टीचा रुंद पृष्ठभाग पहिल्या टप्प्यातल्या जोरदार दिशेला काटकोनात. माथ्यावर बसवत असाल आणि कंपन आडवं असेल, तर पट्टी कडेवर उभी करावी लागते. सपाट ठेवली तर जोडणी सगळी बरोबर असूनही काही मिळत नाही.

पंप चालू करून वीस मिनिटं तापू द्या. पट्टी सर्किटपासून सोडवून १०० किलोओहमवर व्होल्ट मोजा, सुरुवातीला आणि वीस मिनिटांनी. गरम झाल्यावर वाढला किंवा तेवढाच राहिला तर सोडलेली जागा योग्य. पाव हिश्शाहून जास्त उतरला तर वारंवारता फार खाली गेली आहे, ठोकळा अगदी थोडा घासून हलका करा.

चालत नसेल तर

इनपुट कपॅसिटर ३-४ व्होल्टला अडकला: आधी गळती, मग दिशा बघा. पट्टी सोडवून कपॅसिटर ५ व्होल्टला हाताने भरा आणि किती वेगाने उतरतो ते बघा. मल्टिमीटर लावून ठेवू नका. त्याचे १० मेगओहम अर्धा मायक्रोअँपिअर पितात, चाचणीच खोटी होते. दर पाच मिनिटांनी क्षणभर टेकवा.

टेबलावर चालतं, पंपावर नाही: बैठक ढिली आहे, नाही तर पट्टी ९६ला जुळली आहे. पंपावर व्होल्टची लाट सेकंदाला चारएक वेळा फुगत-ओसरत असेल तर ९६ आणि १०० दोन्ही तिला हलवत आहेत. वजन थोडं कमी करून वर सरका.

आठवडाभर चाललं, मग उतरलं: कपॅसिटन्स मोजा. कमी झाला असेल तर तडा. तेवढाच असेल तर टिचकी मारून आवर्तनं मोजा. दहाची पाच झाली असतील तर पकडीचे स्क्रू उष्णतेने सैल झालेत. आवळून, स्क्रूला लॉकिंग द्रव लावून सहाव्या टप्प्यातली जुळवणी पुन्हा करावी लागते, कारण आवळल्यावर मोकळी लांबी तीच राहत नाही.